उरलेली बाही

बुरुलने चालत्या डाव्या हाताने विणकामातली सुई उपटून काढली आणि धागा ओढला. एशिमची संध्याकाळभराची मेहनत सरसर उसवत तिच्या मांडीवर पडली.

"अगं, चुकलं काय ते तरी सांग!" एशिम ओरडला.

"नाही," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "मेल्या."

तिच्याकडे एवढंच उरलं होतं. नारीन शहरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ती चुलीपाशी कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि कशी कोण जाणे, हे दोनच शब्द मागे राहिले. जिने संसारात कधी नवऱ्याचं नावसुद्धा घेतलं नाही, ती आता डॉक्टरला, दुवा मागायला आलेल्या इमामाला, कुंपणावरच्या कावळ्यालाही 'मेल्या' म्हणायची. इमाम हसले होते. एशिमला हसू येत नव्हतं. त्याला नुसता राग यायचा. धुरकटणाऱ्या कोळशाचा, तिच्या तोंडातून ओघळणाऱ्या चहाचा, समाचाराला येऊन तासन्‌तास बसणाऱ्या बायकांचा. आणि आता या स्वेटरचा.

तो या भानगडीत पडला तोही रागानेच. एके दिवशी पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून तो दुपारीच घरी आला, तर बुरुल एक सुई गुडघ्यांत दाबून, दुसरी डाव्या हातात धरून, धागा दातांत पकडून विणायला बसली होती. लोकर लाळेने भिजली होती. टाका काही केल्या सुईवर चढत नव्हता आणि ती पुन्हा पुन्हा तेच करत होती. त्याच्याने ते बघवेना. "दे इकडे," म्हणून त्याने सगळं हिसकावून घेतलं. हिसकावून घेतल्यावर मग करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाठ आणि पोट तिने धडधाकट असताना विणून ठेवलं होतं. बाह्या राहिल्या होत्या. नमुना एका जुन्या रशियन मासिकातून फाडलेल्या पानावर होता. सगळे चौकोनच चौकोन. काळा चौकोन म्हणजे गडद लोकर, रिकामा म्हणजे पांढरी, आणि सगळे मिळून एडक्याची वळलेली शिंगं. एशिमने आयुष्यभर पंपांचे नकाशे वाचले होते. यात काय आहे, असं त्याला वाटलं. सुलटा टाका, उलटा टाका एवढं शेजारच्या बाईकडून शिकून तो बसला, तर टाके इतके आवळले जायचे की सुई आत शिरेना. सैल केले तर घसरून पडायचे. तेही जमल्यावर शिंगांची नुसती खिचडी व्हायला लागली. तो विणायचा आणि बुरुल उसवायची.

"इतकी वर्षं मला वाटायचं, ही आपली सुया घेऊन बसलीय आरामात," एकदा तो पंपघरात कादीरला म्हणाला. कादीर त्याचा जोडीदार, वयाने बराच लहान आणि तोंडाने फाटका. तो म्हणाला, "एशिम-आके, हात बसला की माझ्या बायकोलाही एक शाल होऊन जाऊ दे." एशिमने हातातला पाना भिंतीवर फेकला. त्यानंतर कादीरने तो विषय काढला नाही. पण स्वेटर कोणासाठी, हे त्याने विचारलं असतं तर एशिमने दुसराही पाना फेकला असता.

स्वेटर तालायसाठी होता. त्यांचा एकुलता एक मुलगा. साहेबाच्या हातापाया पडून एशिमने त्याला पंपघरात चिकटवलं होतं, आणि पोरगा एके दिवशी सगळं सोडून रशियाला इमारतींच्या कामावर निघाला. बसच्या दारात एशिमने त्याला सांगितलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. आई पडली तेव्हा शेजाऱ्यांकरवी निरोप गेला. तालाय आला नाही.

"आई अंथरुणाला खिळली तरी ज्याला यावंसं वाटत नाही, त्याच्यासाठी मी बोटं मोडतोय," एशिम विणता विणता म्हणायचा.

"नाही," बुरुल म्हणायची.

"काय नाही? आलाय का तो? दिसतोय कुठे?"

"नाही. नाही." तिचा चेहरा लाल व्हायचा. डाव्या हाताने ती उशी चापटायची, उशीखालचा तिचा जुना फोन खाली पडायचा. एशिम तो उचलून परत ठेवायचा. आईची माया आंधळी असते, असं म्हणून तो अजूनच चिडायचा.

शिंगं कशी वळवायची ते शेवटी तिनेच दाखवलं. तिने विणलेली पाठ त्याला खिडकीपाशी धरायला लावली, आणि मग उलटी फिरवायला लावली. कागदावर त्याचं बोट धरून उजवीकडून डावीकडे नेलं. पुढची ओळ आली तेव्हा तेच बोट डावीकडून उजवीकडे ओढलं. कापड उलटलं की कागदही उलट्या बाजूने वाचायचा. तो आजवर सगळ्या ओळी एकाच बाजूने वाचत होता. एवढीशी गोष्ट. एशिमला इतका संताप आला की त्याने कागद चोळामोळा केला, आणि मग स्वतःच मांडीवर ठेवून सपाट केला.

त्यानंतर मात्र तिने उसवलं नाही. पहिली बाही पुरी झाली तेव्हा तिने ती गालावर धरली. दुसरी मनगटापाशी सुरू होती तेव्हा, थंडी सरता सरता, एका सकाळी ती उठलीच नाही.

अंगणात तंबू उभा राहिला. तिला त्यात ठेवलं. एशिम कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून दाराशी उभा राहिला. येणारे पुरुष रिवाजाप्रमाणे कुंपणापासूनच आक्रोश करत येत होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एक आवाज त्याला ओळखू आला. "माझी अपा, माझी अपा," असा आईच्या नावाने टाहो फोडत तालाय आला. अंगावर पातळसं जाकीट. चारचौघांत एशिमने त्याला मिठी मारली, कारण मारावीच लागते.

तिला पुरून आले. माणसं पांगली. तंबू उतरला. घरात दोघंच राहिले आणि मग एशिमने तोंड उघडलं.

"मातीला बरा वेळ मिळाला. ती जिवंत होती तेव्हा मिळाला नाही."

"पासपोर्ट ठेकेदाराकडे होता, अता. आता चोरून आणलाय."

"फोन तर नव्हता ना ठेकेदाराकडे?"

तालायने मान वर केली. "फोन मी रोज करत होतो. तुम्ही कामावर असायचात तेव्हा."

"कोणाला?"

"अपाला. ती 'नाही' म्हणायची, कधी 'मेल्या' म्हणायची. मग नुसती ऐकत बसायची. मीच बोलायचो. काय जेवलो, कितव्या मजल्यावर काम चाललंय. कधी कधी तिला झोप लागायची, तरी मी ठेवत नव्हतो. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं मला. ती घरातच तर होती तुमच्या."

एशिम उठला. त्याला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि समोर मारण्यासारखं कोणी नव्हतं. मेलेल्या बाईवरही त्याला राग आला. तिला सांगता येत नव्हतं हे त्याला कळत होतं, तरी आला. त्याने चुलीत कोळसा टाकला, झाकण आपटलं. मग कोनाड्यातून विणकाम काढलं आणि दिव्याखाली बसला.

तालाय बघत राहिला. बापाच्या हातात सुया त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. एशिमने एक ओळ विणली, कापड उलटलं, कागदावर डावीकडे बोट ठेवलं. मग थांबला. पूर्ण झालेली बाही त्याने पोराच्या अंगाकडे बघत लांब करून पाहिली. कागदावरचं माप कुठल्याशा रशियन पोराचं होतं.

"जाकीट काढ," तो म्हणाला.

तालायने काढलं.

"हात पुढे कर. सरळ. हलू नकोस."

एशिमने धाग्याचं टोक खांद्याच्या हाडावर दाबून धरलं आणि धागा हातावरून खाली नेऊ लागला. कोपरावर, सिमेंटने चिरलेल्या कातडीवर. मनगटाशी पोचल्यावर त्याने अंगठ्याने धागा पक्का धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.