पट्टीवरची चौथी रेघ

इसवी सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर महिन्यातील दुसरा गुरुवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ शिरूर, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील उत्तरेची खोली. या खोलीत माझे टेबल आणि माझी पुस्तके एकोणीस वर्षे आहेत. तिचा सहा फुटांचा भाग तोडून तेथे घरातील सर्वांच्या कपड्यांसाठी ड्रेसिंग रूम करावी, असा विचार आमच्या मुलाची, स्वराजची, पत्नी सायली हिने मांडला होता. मी त्याच दिवशी लेखी हरकत घेतली नाही, ही माझी चूक.

‘सर्वांच्या’ या शब्दावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि त्याला कारणे होती. आदल्या दिवशी माझ्या पत्नीने, सारजाबाईने, माझी आठ धोतरे ट्रंकेत घातली होती. त्याच संध्याकाळी दौंडहून आमच्या मुलीचा, राजनंदिनीचा, फोन आला. ‘‘आबा, तुमच्यासाठी कपाट रिकामं केलंय. कवा येताय?’’ मी येणार असल्याचे मी कोणालाही सांगितले नव्हते.

कारेगावचा सुतार शाकीर नकाशा काढीत नाही. तो सात फुटांची सरळ लाकडी पट्टी भिंतीशी उभी करतो, घरातल्या प्रत्येकाचा सर्वांत लांब कपडा तिच्या वरच्या टोकाशी टांगतो, आणि कपडा जेथे संपतो तेथे पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी नाव लिहितो. हँगरच्या दांड्या किती उंचीवर बसवायच्या, हे त्यावरून ठरते.

त्या सकाळी मापे घेऊन तो चहासाठी खाली गेला, तेव्हा मी चष्मा लावून पट्टी वाचली. स्वराज, शेरवानी. सायली, घागरा. सारजाबाई, पैठणी. चौथी रेघ नव्हती. मी पट्टी उलटी केली. मागे फेविकॉलचा एक वाळलेला डाग होता, एवढेच.

मी खाली गेलो. शाकीर बशीत चहा ओतीत होता; सायली आणि सारजाबाई तेथेच होत्या.

‘‘शाकीर, या घरात माणसे किती?’’

‘‘चार की, आबा.’’

‘‘तुझ्या पट्टीवर किती?’’

‘‘तीन.’’

‘‘मग चौथ्याची व्यवस्था कोठे केली आहे? दौंडला?’’

सायलीने सासूकडे पाहिले. ती नजर मी चौथा पुरावा म्हणून मनात नोंदवली.

‘‘घ्या, भरलं कोर्ट,’’ सारजाबाई म्हणाली.

‘‘आबा, पट्टी टांगायच्या कापडाची हाय,’’ शाकीर म्हणाला. ‘‘तुमचं कापड टांगायचंच न्हाई.’’

‘‘हे कोणी ठरवले?’’

‘‘तुम्हीच,’’ सायली म्हणाली. ‘‘लग्न होऊन मी आले, दुसऱ्याच दिवशी तुमचं धोतर हँगरला लावलं होतं. अर्धा तास समजावलंत मला. हँगरवर धोतराला कुबड येतं, धोतराची जागा घडीत.’’

असे मी म्हणालो होतो. ते विधान मला आजही योग्य वाटते.

शाकीरने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. ‘‘हे तुमचं माप. घडी घातलेल्या धोतराएवढं. चार फळ्या, दाराजवळ, कमरेच्या उंचीला. वाकायचं काम न्हाई.’’

‘‘आणि ट्रंक?’’

‘‘पंधरा दिस प्लायवूडचा भुसा उडणार आन् पॉलिशचा वास सुटणार,’’ सारजाबाई म्हणाली. ‘‘नुसत्या दाराला पॉलिश केलं तवा तीन दिस खोकत बसला होतात. इसरलात व्हय?’’

‘‘मग हे मला आधी का सांगितले नाही?’’

‘‘सांगितलं असतं तर पंधरा दिस वादच घातला असता. काम कवा व्हायचं?’’

शाकीर बशीत तोंड घालून हसला. माझ्यापाशी तीन उत्तरे होती. तिन्ही मी मनात तपासली आणि तिन्ही लंगडी निघाली. तरीही एक मुद्दा शिल्लक होता, आणि तो मी सोडणार नव्हतो.

‘‘फळ्या चार असोत वा चाळीस. घर माझेही असेल, तर पट्टीवर माझे नाव आले पाहिजे.’’

शाकीरने कानावरची पेन्सिल काढली आणि सारजाबाईकडे पाहिले. तिने कप खाली ठेवला.

‘‘ठेव ती पेन्सिल. पट्टीवर नाव येणार न्हाई. फळ्या तुमच्या, घर तुमचं. परवा सकाळच्या एसटीनं दौंडला जायचं, आन् सोळाव्या दिवशी हितंच परत यायचं.’’