सुमनबाईच्या बाजाराची पिशवी

मी पिशवी बोलतेय. हळू बोलते, कारण कापडात आता जोर राहिलेला नाही. बूड दोनदा बदललं, बंद कितीदा शिवले ते मलाच आठवत नाही. खुंटीला रिकामी लटकत असते तेव्हा बरं वाटतं. पण तशी वेळ फार येत नाही. घर म्हटलं की रोज काहीतरी आणायचं असतं.

माझं कापड तंबूचं. देवळाली कॅम्पात जवानांचे तंबू लागायचे, त्यातला एक जुना होऊन भंगारात निघाला. कॅम्पाच्या बाजारात रावजी शिंप्यानं तो घेतला आणि त्याच्या पिशव्या शिवल्या. हिरवट खाकी रंग, दुहेरी शिवण, खांद्याला अडकवता येतील असे लांब बंद. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. लोकांकडे पिशवीत घालायला काही नव्हतं, तरी रेशनच्या रांगेत उभं राहायला पिशवी लागायचीच. म्हणून सहादूनं मला घेतलं.

सहादू देवळालीगावाबाहेरच्या वस्तीत राहायचा. बुद्धविहाराच्या मागे पत्र्याची एक खोली, तिच्यात तो, बायको सुमनबाई आणि लहानगी लेक कुसा. रेल्वेच्या रुळांपलीकडे म्हशींचा एक तबेला होता, तिथं तो कामाला जायचा. शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या. पगाराशिवाय मालक रोज लोटाभर दूध द्यायचा. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी चावता चावता जबडा दुखायचा. त्या दुधात कुस्करून दिली की कुसा निमूट खायची. दुष्काळात ते घर तगलं ते त्या लोट्यावर.

सकाळी सहादूची भाकरी माझ्यात असायची आणि मी तबेल्यातल्या खांबाला टांगलेली असायचे. त्यामुळे पुढं जे झालं ते मी पाहिलं. सुमनबाईनं ते पुष्कळ वर्षं पाहिलं नव्हतं.

म्हशीला रेडा झाला तर तबेल्याला त्याचा उपयोग नसायचा. त्याला आईचं दूध पिऊ देणं म्हणजे विकायचं दूध घालवणं. तो आपोआप खंगायचा. मोरी नावाची म्हैस होती, तिचं रेडकू असंच गेलं आणि मोरीनं पान्हा चोरला, दूध देईना. मालकानं रेडकाचं कातडं काढवून घेतलं आणि सहादूला म्हणाला, "तुझा हात बरा आहे. पेंढा भर आणि शिवून टाक."

सहादूनं शिवलं. पायांच्या जागी काठ्या लावल्या. ते मोरीपुढं उभं केलं की ती त्याला चाटायची, पान्हा सोडायची, आणि सहादू खाली बसून धार काढायचा. बरेच दिवस असं चाललं. मग एका सकाळी चाटून चाटून शिवण उसवली. पेंढा बाहेर आला. मोरी थांबली, तिनं हुंगलं, आणि त्या पेंढ्यालाच चाटू लागली. दूध चालूच होतं. सहादूनं चरवी अर्धी भरलेली तशीच बाजूला ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

त्या दिवशी लोटा रिकामा घरी आला.

"मालकानं बंद केलं?" सुमनबाईनं विचारलं.

"मी बंद केलं. कामही सोडलं."

"का?"

सहादू मुळातच कमी बोलणारा. "नको वाटतं," एवढंच म्हणाला.

"तुम्हाला नको वाटतं. पोरीनं काय खायचं?"

"आपण खातो ते."

पुढं तो नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमालीला लागला. काही दिवसांनी सुकटही नको म्हणाला, अंडीही नको म्हणाला. हे श्रीमंतांच्या घरचं सोवळं नव्हतं. गरिबाच्या घरात मूठभर सुकट म्हणजे आख्ख्या घराचं कोरड्यास होतं. भाकरीबरोबर बोटभर लावली तरी जेवण व्हायचं. ते गेलं, दूध गेलं, ताक गेलं. सुमनबाई चिडली, दोन दिवस बोलली नाही. पण एका चुलीवर दोन स्वयंपाक करायला सरपण नव्हतं. मग सगळ्या घराचंच तसं झालं.

आणि तेव्हापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

नेम करणारा मोकळा होतो. निभावणारा अडकतो. सहादू ताटावर बसायचा तेव्हा समोर काहीतरी असायचं. ते कुठून आलं हे मला विचारा. कॅम्पातल्या बंगल्यांची धुणीभांडी आटोपून सुमनबाई आठवडे बाजारात जायची ती बाजार उठायच्या वेळेला. तेव्हा भाव पडलेले असतात आणि भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते. मुळ्याचा पाला, फुलकोबीचे दांडे, कोथिंबिरीचे देठ हे सगळं ती मागून घ्यायची. दुकानातून अख्खी डाळ नाही, डाळीची चुरी. हुलगे, मटकी, खुरासणी, जवस. पाऊस पडून गेला की बांधाबांधानं तांदुळजा आणि घोळ खुडायची. सायखेड्याला तिचं माहेर, तिथून भाऊ चंदर कधी कांदे आणि भुईमुगाच्या शेंगा द्यायचा. ते ओझं घेऊन ती एसटीत उभ्यानं यायची.

घरी आलं की बसायचं नाही. पाला निवडायचा, हुलगे भिजत घालायचे, पाट्यावर चटणी वाटायची. शेंगदाण्याचा कूट, खुरासणी, लसूण. चहा कोरा, गुळाचा. स्वस्त खाण्याला पैसा कमी लागतो, पण बाईचा जीव जास्त लागतो. हे मला तिच्या खांद्यावर लटकून कळलं. माणसं ताटाकडे बघतात, पिशवीकडे कोणी बघत नाही.

कॅम्पातल्या बंगल्यात तिला दुधाचा चहा मिळायचा. तो ती प्यायची. लपवायची नाही आणि सांगायचीही नाही. तिनं काही सोडलेलं नव्हतं. तिच्या घरात ते नव्हतं, इतकंच.

एका वैशाख पौर्णिमेला विहारात खीर होती. सहादूनं हात जोडले, खीर घेतली नाही. झुंबर म्हणून वस्तीतला एक म्हातारा होता, तो म्हणाला, "सहादू, तथागतांनी सुजाताची खीर घेतली. तू त्यांच्यापेक्षा मोठा का?"

"मी लहान आहे," सहादू म्हणाला. "मला झेपत नाही."

ते उत्तर लोकांना फार आवडलं. तेव्हापासून काहीजण त्याला सहादूबाबा म्हणू लागले. घरी आल्यावर सुमनबाईनं मला खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "बाबा तुम्ही झालात. पाटा मी ओढते."

वर्षं गेली. कुसाला पिंपळगाव बसवंतला दिली. नवरा कांद्याच्या खळ्यावर कामाला, माणूस सरळ. पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं आली. मुलगी झाली, अंगानं अगदी चिमणी. आणि कुसाच्या अंगावर दूध येईना. मूल ओढायचं, रडायचं, रडून थकून झोपायचं.

सुईण नवसाबाई सुमनबाईवर डाफरली. "बाळंतिणीला कोरा चहा पाजतेस? दूध घाल पोटात तिच्या, मग तिच्या अंगावर दूध येईल. तुमच्या घरचं ते खूळ लेकीच्या गळ्यात नको बांधू."

रात्रीच्या जेवणाला सुमनबाई सहादूसमोर बसली. "मी उद्या दूध आणणार हाय."

"आण," तो म्हणाला. "मी कधी अडवलं?"

"अडवलं नाय. पण आणलं पण नाय. सगळं माझ्यावर टाकलं."

सहादूनं मान खाली घातली. घास तसाच हातात राहिला.

सकाळी तिनं बरणी धुतली, माझ्यात ठेवली आणि रूळ ओलांडले. पाण्याविना दूध मिळायचं ते त्या तबेल्यातच. मालक तोच, म्हातारा झालेला. गडी नवे होते. धार चालू होती, म्हणून ती एका बाजूला थांबली. तिच्या काखेत मी.

समोर एक म्हैस बांधलेली. तिच्यापुढं एक रेडकू उभं होतं, हलत नव्हतं. म्हैस त्याला चाटत होती. सुमनबाईनं आधी कौतुकानं पाहिलं. मग जरा पुढं झाली. मग गड्याला विचारलं, "ह्याला काय झालंय?"

"मेलंय ते," गडी धार काढता काढताच म्हणाला. "पेंढा भरलाय आत. त्याच्याबिगर ही दूध देत नाय."

सुमनबाई उभीच राहिली. घरी तिची लेक, तिच्या मांडीवर भुकेलं मूल. इथं ही. तिच्या हातानं माझे बंद इतके आवळले की शिवण करकरली. गडी चरवी घेऊन उठला आणि म्हणाला, "बाई, बरणी द्या."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

बाहेर आल्यावर ती रुळांशेजारी दगडावर बसली. मला वाटतं तिला स्वतःचाच राग आला होता. लेकीसाठी आलेली आई रिकाम्या हातानं निघाली होती, आणि घरी जाऊन सांगणार काय? पण ती परत आत गेली नाही. उठली ती थेट वाण्याच्या दुकानात. दुधाचे पैसे तिनं तिथं मोडले. अळीव, तीळ, खोबऱ्याची वाटी, शेंगदाणे, बाजरी. मग शेपूच्या जुड्या. इतकं चांगलंचुंगलं एकाच वेळी माझ्यात पूर्वी कधी पडलं नव्हतं.

नवसाबाईनं कपाळाला हात लावला. कुसा थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, दूध मिळालं नाही?"

"मिळत होतं," सुमनबाई म्हणाली. "आणवलं नाही. दोन दिवस दे मला. नाही जमलं तर मी जाईन परत. खाली मान घालून घेईन आणि येईन."

सहादू दारात उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. "अजून हाय ते तिथं?"

"हाय. मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "मीच शिवलं होतं."

ती चुलीकडं वळली. बाजरीचा घाटा, शेंगदाणे वाटून त्यात गूळ, अळिवाची खीर खोबऱ्याच्या दुधातली, शेपूची भाजी. दिवसभर पाट्याचा आवाज. कुसा खात होती, मूल ओढत होतं, रडत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमनबाईनं बरणी पुन्हा धुवून माझ्यात ठेवली. सकाळी जायचं तिनं ठरवलं होतं.

पहाटे मूल रडायचं थांबलं. कुसानं हाक मारली, "आई, बघ." मूल पीत होतं, आणि त्याच्या ओठांच्या कडेनं दूध ओघळत होतं. सुमनबाईनं बरणी बाहेर काढून फळीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही, हसली नाही. इतकी दमली होती की बसल्या जागी तिला झोप लागली.

दूध कशानं आलं ते मला माहीत नाही. नवसाबाई म्हणाली, यायचंच होतं. असेलही. सुमनबाईनं त्याचा कधी डंका पिटला नाही. फक्त त्यानंतर कॅम्पातल्या बंगल्यात ती म्हणाली, "मला कोराच द्या, बाई." बाईंनी विचारलं, सुमन, तूही? तिनं नुसती मान हलवली आणि भांडी घासायला घेतली.

तुम्हाला वाटेल, आता तिचं ओझं हलकं झालं. तसं होत नाही. मनाला पटलं म्हणून मुळ्याचा पाला आपोआप निवडला जात नाही. बाजार तितकाच लांब राहिला. हुलग्यातले खडे तितकेच राहिले. चिडून करायची ते आता न चिडता करायची, एवढाच फरक. गुडघे मात्र दोन्हीनं सारखेच झिजतात.

आता बाजारात रंगीत प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यात. हलक्या, चकचकीत, पावसात न भिजणाऱ्या. मी एका बाजूला विरले आहे, शिवणीतून मटकी गळते. माझं एकच मागणं आहे. आता मला पुन्हा शिवू नका. उसवून सरळ करा आणि अंगणात अंथरा. कुसाची लेक सुट्टीला येते, तिला बसायला होईन. तंबूचं कापड आहे, ओल वर येऊ देत नाही. उचलून नेण्यापेक्षा अंथरून पडणं मला आता बरं वाटेल.

सुमनबाईचे गुडघे गेल्या थंडीपासून चालेनासे झाले. म्हणून परवा बाजारात सहादू गेला, पहिल्यांदाच. पन्नाशी कधीच ओलांडलेला, जन्मभर मालधक्क्यावर पोती वाहिलेला माणूस. पण पोतं पाठीवर जातं आणि धक्क्यापलीकडं उतरतं. पिशवी घरापर्यंत येते. बाजार उठायच्या आधीच गेला, भाव केला नाही, वांगी किडकी घेतली, पाला मागायला लाजला. येताना सगळा भार एकाच खांद्यावर. बंद रुतून तिथं लाल वळ उठला.

घरी आल्यावर त्यानं मला सुमनबाईसमोर ठेवलं आणि खांदा चोळत बसला. तिनं एकेक वस्तू बाहेर काढली. किडकी वांगी पाहिली. विळी ओढली आणि कीड काढून चिरायला लागली.

"लय लांब हाय गं बाजार," सहादू म्हणाला.

ती चिरतच होती. वर न बघता म्हणाली, "मधी खांदा बदलायचा असतो."