तिसरा चमचा

शनिवारी संध्याकाळी त्या घरात एकच पदार्थ शिजायचा आणि तोही एकाच पातेल्यात. पास्ता. भरपूर साय घातलेला, शेंदरी, झणझणीत. ही रीत घरातल्या मुलाने आणली होती. तो ट्रक चालवायचा. लांबलांबच्या फेऱ्या, रस्त्याच्या कडेला मुक्काम, आणि छोट्या गॅसवर स्वतःच्या हाताने रांधलेलं जेवण. "एकच तर भांडं, घासायलाही एकच," असं म्हणायचा. घरी असला की शनिवारी कमरेला टॉवेल बांधून तो स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचा आणि आई-बायकोला बाहेर बसवायचा.

एका आजारपणात तो गेला, त्यालाही बरेच दिवस लोटले. शनिवारचं पातेलं मात्र चुकलं नाही. आता ते त्याची आई चढवायची. जेवायला तिघी: ती, तिची सून आणि नात. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण झोपेतसुद्धा ती एका जागी ठरायची नाही.

आई घरी पडदे शिवायची. खिडकीपाशी तिचं मशीन होतं, आणि पडद्याला खाली चांगली वीतभर दुमड ठेवण्याची तिची पद्धत होती. कापड धुतल्यावर आटतं, माणसं घर बदलतात, खिडक्या लांब निघतात. दुमड असली की उसवून सोडता येते. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, कापड फुकट घालवता. ती हसून घ्यायची. कोणाला उलट बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे दोन घटका बसायची, आणि रोज कुठलंही भांडं गॅसवर चढवून झाकण ठेवताना मनात देवाचं नाव घ्यायची. त्याशिवाय अन्नाला चव येत नाही, असं तिला वाटायचं.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती नेमकी चपला पायात सरकवताना सांगायची, म्हणजे लगेच उत्तर ऐकायला थांबावं लागत नाही. त्या शनिवारी सकाळी तिने तसंच केलं.

"आई, आज जेवायला एक जण येतील. आमच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट बघतात ते. तुम्ही त्यांना एकदा बघा. तुम्हाला नको वाटलं तर विषय तिथेच संपला. मी पुन्हा काढणार नाही."

आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

आई मशीनवर बसली, पण शिवण सरळ जाईना. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा वाकडं. खरं तर तिनेच मागे सुनेला समजावलं होतं, तुझं वय ते काय, सगळं आयुष्य पडलंय, विचार कर म्हणून. ते मनापासूनच म्हटलं होतं. पण दारात कोणी उभं नसताना असं म्हणायला काय जातं? आता दारात लिफ्टवाला येणार होता. सून गेली की नात जाणार. नात गेली की घरातला आवाज जाणार. मग उरणार ते मशीन आणि लेकाचा तो मिरचीचा डबा. आणि हे सगळं आपल्या एका शब्दावर. पोरीने सुरी आपल्याच हातात दिली, असं तिला वाटलं, आणि लगेच असं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी तिने पातेलं काढलं. भिंगरी ओट्याशेजारी स्टुलावर चढून बसली. तेलात लसूण पडला, मग कांदा. कांदा मऊ झाल्यावर टोमॅटो, आणि ते गळून तेल सुटेपर्यंत आईने कालथा थांबवला नाही. मग लेकाचा डबा उघडला. एका बाजूने चेपलेला, आत सुक्या लाल मिरचीची भरड आणि त्यातच रुतवून ठेवलेला चमचा. शिगोशीग दोन चमचे, हे त्याचं माप. रात्री गाडी चालवताना झोप उडाली पाहिजे, म्हणून तो इतकं घालायचा.

आईने एक चमचा घातला. दुसरा घातला. चमचा परत डब्यात रुतवला, आणि तिथेच तिचा हात थांबला.

खरं तर पाहुण्यासाठी काही सौम्य करता आलं असतं. पण मनात एक काटा वर आला. ज्याला माझ्या लेकाचं जेवण पचेल, त्यानेच या घरातल्या माणसांकडे बघावं. नाही पचलं तर नाही पचलं. आपल्याला तोंडाने 'नको' म्हणायची वेळच येणार नाही.

तिने तिसरा चमचा भरून घातला.

"आजी, दोन झाले होते," भिंगरी म्हणाली.

"आज पाहुणे आहेत ना."

"पाहुण्यांना जास्त लागतं?"

आजीने तिला चीज किसायला बसवलं. मग पाणी ओतलं, मीठ टाकलं, नळ्यांसारखा तो पास्ता कोरडाच त्यात सोडला. तो त्याच पाण्यात शिजतो आणि त्याचं पिठूळ पाणी तिथल्या तिथे आटून दाट होतं; त्यात सगळी खुबी. शेवटी आच अगदी मंद करून दूध आणि साय, टोमॅटोच्या आंबटपणाने फाटू नये म्हणून थोडं थोडं. पातेल्यातला रंग लालाचा शेंदरी झाला, वास घरभर दरवळला. आईने झाकण ठेवलं. नाव घ्यायला डोळे मिटले, पण ते येईना. तशीच ती हात पुसत बाहेर आली.

लिफ्टवाला वेळेवर आला. उंच, जरा वाकून चालणारा माणूस. नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ, कितीही घासली तरी न जाणारी. हात मात्र नुकतेच धुतल्यासारखे लाल. हातात एक मोठा पाव, कागदात गुंडाळलेला. तो कोणाच्या हातात द्यावा हे न कळून त्याने तो भिंगरीला दिला. सुनेने दोघांची ओळख करून दिली, तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला. इथवर ठीक होतं. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. तो उठला, मशीनपाशी गेला, आणि टेबलाच्या कडेवर हाताची वीत टाकून रुंदी मोजायला लागला. एक वीत, दुसरी, वर चार बोटं. खालचं पायडलसुद्धा वाकून बघितलं.

आल्या आल्या मोजमापं, आईच्या मनात आलं. उद्या म्हणेल, ही अडगळ विकून टाका. तिसऱ्या चमच्याबद्दल जी काही टोचणी लागली होती, ती तिथेच बोथट झाली.

"बसा जेवायला," ती म्हणाली. "गरम आहे तोवरच बरं लागतं."

चौघं बसली. आईने स्वतः वाढलं, पाहुण्याला सगळ्यात जास्त. मग आपल्या ताटलीतला घास तोंडात घातला मात्र, आणि तिला तो चमचा आठवला. सबंध दिवस तिने या माणसाचा विचार केला होता, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, की पातेलं एकच आहे. जे त्याच्या ताटलीत गेलं तेच सुनेच्या गेलं. तेच भिंगरीच्याही.

जिभेवर ठिणगी पडावी तसं झालं. कान तापले. सुनेने मान खाली घातली, आणि दर शनिवारी व्हायचं तसं तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. दर शनिवारी आई ते बघायची आणि मनात म्हणायची, आठवण येते बिचारीला. आणि म्हणून, पोटात कितीही आग पडली तरी, तिच्यासाठी एकेक घास गिळायची. रात्री गुपचूप थंड दूध प्यायची.

लिफ्टवाला मात्र खात होता. कपाळावर घामाचे थेंब, नाक लाल, डोळे तारवटलेले. घासामागून घास, सरळ, एखाद्या कामाला लागल्यासारखा. पाण्याचा पेलाही त्याने हातात घेतला नाही. आईला ते बघवेना.

तेवढ्यात भिंगरीने चमचा ठेवला. ओठ आधी थरथरले, मग ती हमसून रडायला लागली.

"मला नाही आवडत हे," ती म्हणाली. "मला कधीच नव्हतं आवडत. बाबा करायचे तेव्हापण नाही."

"अगं, मग दर शनिवारी ताटली चाटूनपुसून संपवतेस ती?" आई म्हणाली.

"लवकर संपलं की सुटते ना मी. आणि नाही खाल्लं तर तू रडशील. तू रडतेसच. आईपण रडते."

सून डोळे पुसत होती. एकदम तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि क्षणभराने आईच्या लक्षात आलं की ती रडत नाहीये, हसतेय.

"आई, मला पण नाही सोसत हो," ती कशीबशी म्हणाली. "लग्नानंतर ह्यांनी पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून छान झालंय म्हटलं. तेव्हापासून अडकले. नंतर तुमच्या डोळ्यांत पाणी दिसायचं. वाटायचं, तुम्हाला त्यांची आठवण काढायला हा एकच दिवस आहे, तो कसा मोडू?"

"माझ्या डोळ्यांत?" आई म्हणाली. "अगं, माझी जीभ भाजायची. मला वाटायचं, तुला..." तिला हसूही येत होतं आणि खरोखरीचं रडूही. लेक असता तर पोट धरून हसला असता. तिघी बाया, इतके शनिवार, एकमेकींसाठी आग गिळत बसल्या होत्या.

लिफ्टवाला चमचा हातात धरून थांबला होता. घरचं काहीतरी चाललंय, आपण इथे असावं की उठावं, अशा चेहऱ्याने. आई त्याच्याकडे वळली. खोटं बोलून तिला कधी झोप लागली नव्हती.

"तुमचं माप जास्त झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझा लेक दोन चमचे घालायचा. तिसरा मी घातला, तुमच्यासाठी. मुद्दाम."

सुनेचं हसू थांबलं.

त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "मला वाटलं, इथे असंच खातात," तो म्हणाला. "म्हटलं, शिकावं लागेल. आधी घरी सवय करून यायला हवी होती."

म्हणजे हा माणूस पास होण्यासाठी झगडत नव्हता. या घराची जी काही चव असेल ती आपली करून घ्यायला बसला होता. आईने त्याच्या ताटलीकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त संपली होती.

ती उठली. भिंगरीची ताटली उचलली आणि पातेल्यात रिकामी केली. मग सुनेची. मग स्वतःची. आणि मग पाहुण्यापुढची ओढून घेतली, आणि तीही चमच्याने निपटून त्याच पातेल्यात घातली.

"आजी, उष्टं!" भिंगरी रडणं विसरून म्हणाली. कोणी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायलं तरी आजी तिला विसळायला पाठवायची.

"घरातल्यांचं उष्टं नसतं," आजी म्हणाली.

सून ताठ होऊन बसली. सासूकडे बघत राहिली, पण सासूची पाठ होती. ती गॅस पेटवत होती. पातेल्यात आणखी पाणी पडलं, आणखी दोन मुठी पास्ता, आणि घरात होतं नव्हतं तेवढं दूध. सुनेने न सांगता उठून फ्रिजमधली साय काढून दिली, आणि देताना तिचा हात सासूच्या हातावर थोडा रेंगाळला. एवढंच. आईने झाकण ठेवलं, डोळे मिटले. या वेळी नाव सहज आलं.

शिजेपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, मघाशी मशीनची मोजमापं कशाला घेत होता? लिफ्टवाला ओशाळला. त्याच्या घराचा जिना अरुंद आहे, वळणावर मशीन अडकेल की काय ते तो बघत होता. खिडकीपाशी जागा केलीय, म्हणाला, उजेड चांगला येतो, पण मशीनच वर जाणार नसेल तर मावशी यायला तयार कशा होणार? पायडल सुटं करता आलं तर जाईल.

"लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही?" आई म्हणाली.

"हे मला रोज एक तरी माणूस विचारतं," तो म्हणाला. "तुम्ही आजच्या दुसऱ्या."

पहिली कोण, हे सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं.

झाकण काढलं तेव्हा आत फिकट शेंदरी, मऊ, दाटसर असं काही रटरटत होतं. तिखट होतंच, पण आता त्याच्यामागे लसणाची, सायीची चवही लागत होती. भिंगरीने दोनदा मागून घेतलं. सून खाताना म्हणाली, ह्यांच्या हातालाही चव होती म्हणजे, आपल्याला कधी कळलीच नाही. लिफ्टवाल्याने पावाने ताटली पुसून घेतली. बुडाला लागलेली खरवड आधी लेकाच्या वाट्याची असायची; आज आईने ती खरवडून चौघांत वाटली, आणि भिंगरीला थोडी जास्त दिली.

जेवण झाल्यावर लिफ्टवाला बाह्या वर सारून पातेल्याकडे निघाला.

"अहो, राहू द्या, पाहुण्याने..." एवढं बोलून आई अडखळली. मग म्हणाली, "अरे, राहू दे. मी घासते सकाळी."

"एकच तर भांडं," तो म्हणाला, आणि नळ सोडला.

त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. सूनही हातातला पेला धरून तशीच थांबली. आईने खुंटीवरचा टॉवेल काढला, इतके दिवस कोणी कमरेला न बांधलेला, आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"बांध," ती म्हणाली. "कपडे भिजतील."