भरलेला प्याला

होसियतचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. अंगणातल्या द्राक्षवेलीखाली लाकडी माचावर सासरे, एर्गशबाबा, बसलेले, बाजूला शेजारचा तुर्दीकूल, मध्ये नान आणि चहाची किटली. रोजचंच चित्र. पण गेल्या आठवड्यात एर्गशबाबा खरबुजांच्या वाफ्यात चक्कर येऊन पडले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं: अंगात पाणी नाही, मूत्रपिंडं सुकत चालली आहेत, गुरुवारपर्यंत फरक पडला नाही तर बुखाऱ्याला नेऊन भरती करावं लागेल. आज मंगळवार. त्यात चिल्ल्याचे, ऐन उन्हाळ्याचे चाळीस दिवस, सावलीतसुद्धा अंग भाजून निघत होतं.

"बाबा, घोटभर पाणी घ्या ना," ती चौथ्यांदा म्हणाली.

"कच्चं पाणी मेंढ्या पितात, पोरी. मी चहा पितोय ना? चहात काय दगड असतात? पाणीच असतं."

"सत्तर वर्षं पितोय हा," तुर्दीकूल म्हणाला. "याच्या अंगातून रक्त काढलं तर किटलीत भरता येईल."

दोघं हसले. होसियतला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, कोरा चहा चालेल, तोही बराचसा पाणीच, पण तो पोटात गेला पाहिजे. मग दिवसाला आठ-आठ किटल्या रिचवणारा माणूस सुकतो कसा? हा प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडत होता. कामासाठी कझानला गेलेल्या नवऱ्याचा, शेरअलीचा, फोन आला की त्याचाही पहिला प्रश्न तोच, "बाबा पाणी प्यायले का?" जसं काही हिच्या हातात नळ आणि त्यांच्या तोंडाला तोटी होती.

शेवटी आज तिने लोणच्याची रिकामी बरणी चुलीपाशी ठेवली होती. बाबांच्या प्याल्यातला जेवढा चहा खरोखर पोटात जाईल, तेवढंच पाणी त्या बरणीत. बाकी काम नेहमीसारखं. किटलीतला पहिला चहा तीनदा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत परतवायचा, मग डावा हात छातीशी धरून, उजव्या हाताने दोन बोटं चहा घालून प्याला पुढे करायचा. दोन बोटंच. जितका कमी, तितका मान. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासूने तिला हेच शिकवलं होतं, आणि तिचा हात आळीत वाखाणला जायचा. तिच्या हातचा चहा तुर्दीकूलला इतका गोड लागायचा की त्याचा स्वतःच्या घरी पायच टिकत नसे.

चार किटल्या संपल्या तेव्हा तिने बरणी उचलून पाहिली. अर्धीसुद्धा भरली नव्हती.

ती बघतच राहिली. मग गेला कुठे सगळा? तिने मनात मोजलं. दीड किटली तुर्दीकूलच्या पोटात. एक, सकाळी पाटाच्या पाण्याची पाळी विचारायला आलेल्या तिघांच्या. आणि प्याल्यात गार झालेला प्रत्येक घोट, तो तर ती स्वतःच वेलीच्या मुळाशी फेकून ताजा ओतत होती, कारण मोठ्या माणसाला गार चहा कसा द्यायचा? या घरात बाबांपेक्षा वेलीलाच जास्त चहा मिळत होता! आणि हे सगळं तिच्या हाताने, तिच्या वाखाणलेल्या हाताने.

त्याच तिरमिरीत ती पाचवी किटली घेऊन बाहेर आली. छातीशी हात धरायचाही विसरली आणि प्याला काठोकाठ भरून बाबांपुढे ठेवला.

तुर्दीकूलने हातातला नानचा तुकडा खाली ठेवला.

बाबांनी प्याल्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. माचावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि सावकाश उठले.

"चल, तुर्दीकूल. निघायची वेळ झाली."

आपल्याच घरातून. होसियतच्या आत्ता कुठे लक्षात आलं, आपण काय केलं ते. भरलेला प्याला नकोशा पाहुण्यापुढे ठेवतात, 'पी आणि नीघ' म्हणून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"बाबा, नाही हो! तसं नाही!"

पण ते फाटकाबाहेर गेलेही होते. तुर्दीकूल मान खाली घालून आपल्या घरी वळला आणि म्हातारा भर दुपारी खरबुजांच्या शेताकडे चालू लागला. याच उन्हात तो पडला होता. होसियतने एका हातात बरणी घेतली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि अनवाणी धावत सुटली.

बाबा राखणीच्या खोपटात गुडघे जवळ घेऊन बसले होते. ओठांना भेगा पडलेल्या.

"शेरअली इथे नाही म्हणून?" त्यांनी हळूच विचारलं. "त्याच्यासमोर भरला असतास का?"

ती मातीतच बसली. बरणी पुढे ठेवली.

"हे बघा. सकाळपासून तुमच्या पोटात एवढंच गेलंय. मी मोजलं. मान राखता राखता मीच तुम्हाला सुकवलं, बाबा. पडलात तेही माझ्यामुळे." आणि ती रडू लागली, लहान पोरीसारखी, ओढणीत तोंड न लपवता.

बाबांनी बरणी हातात घेतली, उन्हाकडे धरली, तिरकी करून पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच. आता रोज भरून देईन. वाईट वाटून घेऊ नका."

"तुझ्या हातचा भरलेला प्याला?" त्यांनी मान हलवली. "नाही, पोरी. तो माझ्या घशाखाली उतरायचा नाही. बाटली दे."

"यात साधं पाणी आहे, बाबा."

"ठाऊक आहे. पाण्याला कसला आलाय मानपान."

सत्तर वर्षांत कच्च्या पाण्याला तोंड न लावलेला तो म्हातारा डोळे मिटून प्यायला लागला. चेहरा असा, जणू एरंडेल पितोय. मधे एकदा थांबला, मेंढ्यांना शिवी हासडली, आणि पुन्हा बाटली तोंडाला लावली. होसियत एकेक घोट मोजत होती. बाटली रिकामी झाली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

घरी येऊन ते माचावर आपल्या जागी बसले. भरलेला प्याला अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलला, वेलीच्या मुळाशी ओतला आणि रिकामा प्याला तिच्यापुढे धरला.

"आता चहा दे," ते म्हणाले. "आणि थोडाच ओत."