सोनेरी डबा

कुहीजवळच्या देवळातल्या काळ्या दगडी विष्णूवर चढलेला जुना रंग कामिनीनं उन्हाळाभर खपून, कापसाच्या बोळ्यांनी पुसून काढला होता. मूर्तिसंवर्धनाचं कामच तसं, बोटभर जागेला दिवस जातो. आज ती नागपूरच्या म्यूझियममधून शेवटची पाहणी करायला आली, तर विष्णू नखशिखांत सोनेरी ऑइलपेंटमध्ये! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहून रंगवला?"

"देव उघडा दिसून राहिला होता, मॅडम," ट्रस्टचे अध्यक्ष गोपाळराव कौतुकानं म्हणाले. "उरलेला डबा ठेवला आहे. तुमच्या म्यूझियमच्या मूर्तींले कामी येईन."

कामिनीनं डबा उचलला आणि बाहेर जाऊन त्यांच्या नव्याकोऱ्या काळ्या गाडीवर उपडा केला.

"आता गाडीही उघडी दिसून नाही राहिली, काकाजी!"