सात छोटे भोंगे, एक लांब

मी एक जुनं लाइफ जॅकेट बोलतोय. रंग नारिंगी, म्हणजे एके काळी होता. मित्रांनो, आत्मवृत्त म्हटलं की तुम्हाला पराक्रम ऐकायचे असतात. ते माझ्याकडे नाहीत. बुडणाऱ्या माणसाला तरंगतं ठेवायचं, यासाठी माझा जन्म झाला, आणि चौदा वर्षांत मला पाण्याचा थेंब लागलेला नाही. एकदा कोणीतरी सरबत सांडलं होतं, तेवढंच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे चाळीसेक बायका शिलाई मशीनवर बसायच्या. मला शिवणारी बाई हाताची मोठी कडक होती. शिवण संपली की ती माझे दोन्ही पट्टे धरून सगळा जोर लावून ओढायची आणि शेजारणीला म्हणायची, "अगं, टाका उसवला तर कुणाचा तरी जीव जायचा." मला खांद्यावर शिट्टी मिळाली, छातीवर पाण्यात आपोआप पेटणारा दिवा मिळाला. आपण फार मोठे कोणीतरी आहोत, असं मला वाटायला लागलं. कसलं काय! मला या सुट्टीच्या जहाजावर धाडलं आणि एका केबिनच्या कपाटात वरच्या फळीवर कोंबलं.

या जहाजावर दर आठवड्याला कोणाच्या तरी सुट्टीचा पहिला दिवस असतो. माणसं येतात, कपाट उघडतात आणि म्हणतात, "हे काय जागा अडवून बसलंय!" मग मी पलंगाखाली. कोणी मला उशी केलं, कोणी माझ्यावर बूट ठेवले. वर्षातून एकदा तपासनीस येतो, दिवा बघतो, पट्टे ओढतो आणि "ठणठणीत आहे" असं म्हणून निघून जातो. माझ्या वाट्याला आलेली स्तुती ती एवढीच.

आता ज्या दिवसामुळे माझं डोकं अजून तापतं, त्या दिवसाचं सांगतो.

दुपारी चौघं जण आले. मुलगा, सून, त्यांची सहा वर्षांची पिटुकली आणि आजोबा. आमची केबिन जहाजाच्या पोटात आहे, तिला खिडकी नाही. खिडकीच्या जागी भिंतीवर समुद्राचं चित्र लावलंय. आजोबांनी ते चित्र जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जहाज सुटताना मला वर न्याल ना रे?"

"नेणार की बाबा! त्यासाठीच तर आणलंय तुम्हाला," मुलगा म्हणाला. "तुम्ही जरा पडा. आम्ही पाच मिनिटांत येतो. इथून हलू नका हं, चुकलात तर शोधत बसावं लागेल." जाताना त्याने टेबलावरचं आजोबांचं कार्डही उचललं.

मित्रांनो, हे कार्ड म्हणजे काय ते ऐका. पहिल्या दिवशी, जहाज सुटायच्या आधी, इथे सराव असतो. संकट आलं तर कुठे जमायचं, मला कसं बांधायचं, ते शिकवतात. प्रत्येकाने आपापल्या जागी जायचं आणि कार्ड यंत्राला लावून हजेरी द्यायची. मुलाने काय केलं, ते मला नंतर कळलं. चार कार्डं लावली आणि सांगितलं, "बाबा मागून येतायत, लिफ्टमध्ये आहेत." रांगेत मागे गर्दी होती. कोण बघतंय!

इकडे भोंगा झाला. सात छोटे, एक लांब, ही धोक्याची खूण. त्याआधी 'हा फक्त सराव आहे' अशी घोषणा झाली होती, पण आजोबांना जरा कमी ऐकू येतं. शब्द त्यांना कळले नाहीत. भोंगा मात्र कळला, कारण त्यांची उभी हयात कारखान्यात मुकादमी करण्यात गेली होती. भोंगा झाला की आधी आपली माणसं मोजायची आणि मग बाहेर पडायचं, हे त्यांच्या हाडात होतं.

ते उठले. त्यांना घाई नव्हती. पलंगाखाली हात घालून त्यांनी आम्हा चारही जणांना बाहेर काढलं आणि ओळीने मांडलं. "हे त्याचं. हे सूनबाईचं. हे छोटं पिटुकलीचं." छोट्याचे पट्टे त्यांनी सैल करून ठेवले, तिच्या डोक्यातून पटकन घालता यावं म्हणून. मग शेवटी मला गळ्यात घातलं. उलटं घातलं, दिवा पाठीवर. पण मी बोलणार कसा?

तेवढ्यात दारावर थाप पडली. खोल्या आवरणारा माणूस होता तो. प्रत्येक दार उघडून आत कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं, असा नियम आहे. पण त्याच्या यादीत या केबिनची चारही कार्डं हजर होती. म्हणून त्याने नुसती थाप मारली आणि पुढे सटकला. आजोबा काठी टेकत दारापर्यंत पोचले तेव्हा बोळ रिकामा होता. दोन्ही बाजूंना चिटपाखरूही नव्हतं.

त्यांची छाती माझ्याखाली धडधडत होती. मला ते ठोके मोजता येत होते. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर धरलं होतं, आणि मला त्याचा आनंद नको होता. निघा ना आजोबा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण ते परत आत आले, दार उघडं ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसले. "इथेच येतील," ते पुटपुटले. "हललो तर पोरं मला शोधत बसतील आणि तीही अडकतील." छोटं जॅकेट त्यांनी मांडीवर घेतलं.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. पायाखालची जमीन थरथरायला लागली. जहाज सुटलं होतं, पण आजोबांना वाटलं, झालं, बुडायला लागलं. त्यांनी डोळे मिटले. दोनदा त्यांनी मुलाला हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

एक तास दहा मिनिटांनी मंडळी हसतखिदळत आली. पिटुकलीच्या हातात आईस्क्रीम होतं. आजोबांना पाहून सून आधी दचकली, मग तिला हसू आवरेना. मुलाने फोन काढून फोटोसुद्धा घेतला.

"अहो बाबा, सराव होता तो! तुम्हाला उभं राहवलं नसतं म्हणून तुमची हजेरी मीच लावून टाकली. आणि वर इतकी मजा चालली होती, वेळेचं भानच राहिलं नाही."

"मला माहीत होतं," आजोबा म्हणाले. ते खोटं बोलत होते. त्यांच्या घामाने माझा पट्टा चिंब झाला होता.

मग हळूच त्यांनी विचारलं, "आणि खरंच काही झालं असतं तर?"

"काहीतरीच काय बाबा! पहिल्याच दिवशी अभद्र बोलताय."

पिटुकलीने ते छोटं जॅकेट पाहिलं. "हे माझ्यासाठी काढलंत?"

"हो. तू येशील म्हणून."

"पण आजोबा, आम्ही तर जमायच्या जागी कधीच पोचलो होतो," ती म्हणाली. लहान मूल ते, खरं तेच बोललं.

संध्याकाळी सगळे जेवायला निघाले. आजोबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मला भूक नाही." मग त्यांनी बोळातून त्या खोल्या आवरणाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडून मला सुलटं घालून घेतलं, बक्कल स्वतः चार वेळा लावून पाहिलं आणि जमायची जागा विचारली.

"आजोबा, कशाला त्रास घेता? घरचे आहेत की, ते नेतील तुम्हाला."

"ते राहू दे," आजोबा म्हणाले. "एकट्याने जायचा रस्ता सांग."

दोन जिने होते. काठी टेकत ते वर गेले, खाली आले आणि पुन्हा एकदा वर गेले.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागते. मी स्वतःसाठी काही मागत नाही. मला खुशाल पलंगाखाली ढकला, माझ्यावर बूट ठेवा. पण कोणाला 'इथून हलू नका' असं सांगून गेलात, तर परत जा. तो माणूस हलत नाही हो. मी त्याच्या गळ्यात होतो, मला माहीत आहे.