पायऱ्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. झाडाचे नव्हे आणि वहीचेही नव्हे; त्यांच्या नशिबी निदान वाळून जाणे तरी असते. मी इंटरनेटवरचे पान आहे. एका बूट शिवणाऱ्या कारागिरांची वेबसाइट आहे, तिचे पहिले आणि शेवटचे पान मीच. तुम्ही मला कधी उघडले नसेल. उघडले असेल तर तीन सेकंदांत बंद केले असेल. त्याचा मला राग नाही. तुमच्याकडून माझी अपेक्षा तीनच सेकंदांची असते. कोणी चार दिले तर दिवस चांगला गेला असे मी म्हणते.

माझा जन्म बुटाच्या खोक्याच्या झाकणावर झाला. कारागिरांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काही ओळी लिहिल्या आणि शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला दिल्या. त्याने त्या जशाच्या तशा टाइप करून इंटरनेटवर चढवल्या. सोबत एक फोटो लावला : मधोमध चिरलेला बूट, आत कॉर्कची पाचर, आणि कोपऱ्यात कारागिरांचा अंगठा. अंगठा काढून टाकायचे स्टुडिओवाल्याच्या लक्षात राहिले नाही. मला तो आवडे. माझ्या अंगावर खरे म्हणावे असे तेवढेच एक माणूस होते.

बाईंनी लिहिले होते ते असे : तुमचे दोन पाय सारखे नसतील तर आमच्याकडे या. एक पाय आखूड असेल तर त्या बुटाला आतून उंची देतो, बाहेरून कळत नाही. एक पाय मोठा असेल तर दोन वेगळ्या मापांचे बूट करतो. येताना रोजचे जुने बूट घालून या, टाच कुठून झिजली ते पाहावे लागते. माप घ्यायला तासभर लागतो, घाईत येऊ नका. गुरुवारी चामडे आणायला जातो, दुकान बंद. पायऱ्या नाहीत.

बस्स. एवढीच माझी संपत्ती. पण त्या काळात एवढ्यावर भागत होते. रात्रंदिवस कोणी ना कोणी शोधयंत्रात काहीतरी टाइप करी आणि शोधयंत्र त्याला माझ्याकडे पाठवी. 'एक पाय छोटा बूट कुठे मिळेल.' 'पँट एकाच बाजूला लोळते.' एकीने तर नुसते 'वर्गात लंगडी म्हणतात' असे टाइप केले होते. शोधयंत्राला तेव्हा थोडी लाज होती. त्याने तिलाही माझ्याकडेच पाठवले. ही माणसे मला शेवटपर्यंत वाचत आणि मग दुकानात फोन करीत. पहिला प्रश्न ठरलेला : "खरंच पायऱ्या नाहीत ना?"

प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा कारागीर स्वतः कोरून घेत. धंद्यात त्याला फर्मा म्हणतात. भिंतीवर फर्म्यांच्या जोड्या टांगलेल्या असत, डावा आणि उजवा कधीच सारखे नसलेले. मी दिवसभर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडी असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. माणसे नवे बूट घालून दुकानात दोन फेऱ्या मारीत आणि मग गप्प होत. ती गप्प झाली की कारागीर समजत, बूट जमला.

मग शोधयंत्राला पैशाची चव कळली. जो जास्त बोली लावील त्याला वर बसवायचे आणि कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'जाहिरात' लिहायचे, असा त्याने धंदा मांडला. मोठमोठी दुकाने माझ्या डोक्यावर येऊन बसली. दोन्ही पाय सारखे असलेल्यांचे बूट विकणारी ही दुकाने, पण 'आखूड पाय' या शब्दांवरही बोली त्यांचीच. मी घसरत घसरत चौथ्या पानावर गेले. तिथे माणसे चुकूनसुद्धा येत नाहीत.

त्या वर्षी कितीतरी महिने दुकानात नवे पाऊल पडले नाही. मुलीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, वर्षअखेरपर्यंत नवीन गिऱ्हाईक आलं नाही ना, तर दुकान आवरायचं. इकडे यायचं. तुमची खोली तयार आहे."

"आणि फर्मे?" कारागिरांनी विचारले.

"बाबा, लाकूडच आहे ना ते."

कारागिरांनी एक फर्मा खुंटीवरून काढला, फडक्याने पुसला आणि परत टांगला.

पलीकडून जावयाचा आवाज आला, "मामा, काळजी सोडा. मी आहे ना!"

मित्रांनो, संकटे पुष्कळ प्रकारची असतात. त्यांतले जावई हे संकट असे, की त्याला चहा द्यावा लागतो. हा जावई ऑनलाइन जाहिरातींचा तज्ज्ञ होता. कसला तज्ज्ञ, हे त्याने तीन वेळा समजावून सांगितले आणि तिन्ही वेळा ते वेगळे होते. दुसरा कोणी असता तर बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावले असते. पण जावई म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली.

त्याने मला वाचले. तीन सेकंद.

"मामी, हे कोणी लिहिलंय?"

"मीच. का?"

"छान आहे. भावना पोचतात. पण पहिल्याच ओळीत तुम्ही गिऱ्हाइकाचा दोष सांगताय. 'पाय सारखे नसतील तर.' असं नाही चालत. निगेटिव्ह वाटतं."

"त्यांना ठाऊक असतं हो," बाई म्हणाल्या. "त्यांचेच पाय."

"आणि हे 'पायऱ्या नाहीत'? जे नाही ते कशाला सांगायचं? जे आहे ते सांगा."

"मग काय लिहू? सपाट आहे?"

जावई हसला आणि त्याने माझ्या सगळ्या ओळी खोडल्या. एका बोटाने. त्यांच्या जागी 'पादत्राणांच्या अनुभवाचे नवे शिखर' आले. त्याच्याखाली उत्तम बूट, स्वस्त बूट, जवळचे बूट, तुमचे बूट, आमचे बूट. शोधयंत्राला गिळायला बरे पडावे म्हणून 'बूट' हा शब्द माझ्यात चौऱ्याऐंशी वेळा कोंबला. कारागिरांचा अंगठा गेला. त्या जागी समुद्रकिनाऱ्यावर उंच उडी मारणारी एक हसरी बाई आली. ती अनवाणी होती. बुटाच्या दुकानाच्या पानावर अनवाणी बाई का, हे विचारायचे धैर्य कोणाला झाले नाही.

माप नोंदवण्यासाठी एक चौकट बसवली. तिच्यात एकच आकडा लिहिता येई. डावा पाय सहा आणि उजवा आठ असलेल्या माणसाने काय लिहावे? सरासरी? आणि मला बंद करायला कोणी बोट उचलले, की मी अंगावर धावून जाऊन म्हणायचे : 'थांबा! चाललात कुठे?' ज्यांना चालताना त्रास होतो, त्यांना हे मी विचारायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची किळस आली.

शेवटी माझ्या डोक्यावर एक विकतची जाहिरात बसवली. त्या जाहिरातीबद्दल मी फारसे बोलणार नाही. दोन ओळींचा जीव, पण नाकाने कांदे सोलायची. शोधयंत्रात आपण सर्वांत वर उभे असतो, याचा तिला कोण अभिमान! पैसे संपले की दुपारीच गायब व्हायची.

कारागीर मात्र मनापासून खूश होते. रोज सकाळी सातला येत, चष्मा लावत, दुकानाचे नाव टाइप करीत आणि वर आलेल्या स्वतःच्याच जाहिरातीवर बोट दाबत. मग मला वरपासून खालपर्यंत वाचत. सगळे चौऱ्याऐंशी बूट. त्याला अकरा मिनिटे लागत. नंतर तेच स्वतःच्या फोनवर, आणि मग बाईंच्या फोनवर. मला हे दिसत होते. पण पानाला कोण विचारतो!

तीन आठवड्यांनी जावई नाचत आला. "मामा, रिपोर्ट बघा! एक गट सापडलाय. साठीच्या पुढचे पुरुष. सकाळी सातला येतात आणि अकरा मिनिटं वाचतात! कॉर्क, चामडं, चिकटवायचं सोल्युशन, सगळं नेटवर शोधत असतात. इतकं मन लावून वाचणारी माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत!"

"वा," कारागीर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "चांगली माणसं दिसतात."

"आता मी मशीनला सांगतो, अशीच माणसं शोध आणि आपली ॲड, त्या उडीच्या फोटोसकट, फक्त त्यांना, ती नेटवर जातील तिथे दाखव. तीन आठवडे ती चालू दे, मग एका शनिवारी मोफत माप ठेवू. बघा कशी रांग लागते!"

मशीन आज्ञाधारक असते. कारागिरांसारखी माणसे शोध म्हटल्यावर त्याने कारागिरांसारखी माणसे शोधली.

त्या शनिवारी मुलगी आली. आज काय ते ठरवायचेच होते. स्टुडिओवाल्याकडून खुर्च्या आणल्या. दहा वाजता एक काठीवाले म्हातारे आले, मागोमाग जाड चष्म्याचे एक, आणि मग एकेक करून आणखी पाच. आत आल्यावर कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. सातही जण एकमेकांच्या बुटांकडे पाहत होते. एकाने वाकून दुसऱ्याचा सोल अंगठ्याने दाबून पाहिला.

जावयाने हात जोडले. "स्वागत आहे! आपले पाय, आमची जबाबदारी!"

"पाय ठीक आहेत," काठीवाले म्हणाले. "सोल्युशन कुठलं वापरता?"

"अं? आधी सांगा, आमची ॲड कशी वाटली?"

"कशी वाटली काय! तीन आठवडे पिच्छा सोडत नाही. हवामान बघायला गेलो, तुमचे बूट. नातीचा निकाल बघायला गेलो, तर तिथे ती अनवाणी बाई उडी मारतेय. घरात सून संशयाने बघायला लागली. म्हटलं, एकदा बघूनच येऊ हा कोण शहाणा."

"माझ्याकडेही तीच बाई," चष्मेवाले म्हणाले. "तुमचा व्यवसाय काय?"

"बूट शिवतो. चाळीस वर्षं."

"काय सांगता! मीही."

"मी पण," तिसरे म्हणाले. उरलेल्या चौघांनी नुसत्या माना हलवल्या.

बाईंनी जावयाला विचारले, "जावईबापू, ती तुमची मन लावून वाचणारी माणसं किती वाजता यायची म्हणालात?"

"सातला, मामी. बरोबर सातला."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही सकाळी सातला काय करता?"

"वेबसाइट बघतो."

"कुठून?"

"वरच्या जाहिरातीवर बोट दाबून. उघडतेय की नाही बघायला नको? शटरला नाही का आपण हात लावून बघत!"

"रोज?"

"रोज. माझ्या फोनवर. तुझ्याही."

जावई एकाएकी फोनमध्ये फार कामात बुडाला. मुलीने बापाकडे पाहिले, मग भिंतीवरच्या फर्म्यांकडे पाहिले, आणि हलकेच म्हणाली, "बाबा, मग खरं गिऱ्हाईक एकही नाही ना?"

मित्रांनो, माझ्या अंगावर चौऱ्याऐंशी बूट होते आणि त्यांतला एकही त्या वेळी उपयोगाचा नव्हता.

तेवढ्यात काठीवाल्यांनी फळीवरचा तो जुना चिरलेला बूट उचलला. कॉर्कच्या पाचरीवरून बोट फिरवले. बूट उलटा केला, सुलटा केला.

"हे तुम्ही करता?"

"हो."

"बाहेरून कळत नाही."

"नाही."

ते खुर्चीवर बसले. "माझ्याकडे महिन्याला दोघंतिघं येतात अशी. मी परत पाठवतो. सांगतो, होत नाही. गेल्याच आठवड्यात एक आई आली होती मुलीला घेऊन. तिलाही म्हटलं, होत नाही."

"मीही परत पाठवतो," चष्मेवाले म्हणाले. "पाठवायचं कुठे हेच ठाऊक नव्हतं. अहो, तीन आठवडे तुमचं पान डोळ्यांसमोर नाचतंय. त्यावर हे एवढं लिहायचं तरी!"

"लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी जावयाकडे पाहिले नाही. पाहायची गरजच पडली नाही. मुलगी पाहत होती.

मग बाईंनी माळ्यावरून रिकामी खोकी काढली, सात झाकणे वेगळी केली आणि पेन्सिलीला टोक केले. सातही झाकणांवर त्यांनी त्याच ओळी लिहिल्या, आठवायला न थांबता, एका दमात. सात म्हातारे सात झाकणे बगलेत मारून गेले आणि ती त्यांनी आपापल्या दुकानात टांगली.

तिसऱ्या दिवशी ती आई आली. मुलीच्या पायात जुने बूट होते, डावी टाच आतून झिजलेली. दारात थांबून त्या मुलीने आधी उंबऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "खरंच नाहीत की पायऱ्या!" वर्ष संपेपर्यंत भिंतीवर खुंट्या अपुऱ्या पडल्या. कारागिरांच्या मुलीने दुकान आवरायचा विषय पुन्हा काढला नाही.

आता माझे ऐका. माझे काम खोक्याच्या झाकणांनी केले. ज्यांच्यावर क्लिक करता येत नाही, त्या पुठ्ठ्यांनी! मी त्यांची टिंगल केली असती, पण काय करणार, माझे माहेर तेच आहे. जावई आजकाल मोठमोठ्या सभागृहांत भाषणे देतो. त्यात एका बुटाच्या दुकानाचे उदाहरण असते : योग्य गट कसा हेरला आणि गिऱ्हाइकांची रांग कशी लागली. टाळ्या पडतात.

जाहिरात गेली. मी राहिले, आणि माझ्या अंगावर ती अनवाणी बाईही राहिली. पासवर्ड जावयाकडे आहे आणि तो मागायचा कसा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कारागीर अजून रोज सकाळी सातला येतात, मला उघडतात आणि अकरा मिनिटे वाचतात. दुसरे कोणी येत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही तज्ज्ञ व्हाल. तुमचे चेहरेच सांगतात. तेव्हा एवढेच करा : कोणाची ओळ खोडण्याआधी ती कोणासाठी लिहिली होती, एवढे विचारा. माझ्या ओळी आता माझ्यावर नाहीत, पण मला पाठ आहेत. तुमच्यापैकी कोणाचे दोन पाय सारखे नसतील, तर या. रोजचे जुने बूट घालून या. घाईत येऊ नका. गुरुवारी दुकान बंद असते.

पायऱ्या नाहीत.